संगणक दुरुस्तीला टाकण्यापूर्वी आपले दप्तर सांभाळा



पूर्वी आपल्या घरात दप्तर म्हणजे लाल फडक्यात बांधलेले एक गाठोडे असे. सातबाराचे उतारे, सोसायटीचे पासबुक, कारखान्याच्या शेअर्सचा दाखला, ऊसबिले, वजन पावत्या हे सर्व त्यात असायचे आणि घरातली वडीलधारी माणसे ते गाठोडे सहसा कोणाच्या हाती देत नसत. आज बऱ्याच सभासदांच्या घरी या गाठोड्याची जागा संगणकाने घेतली आहे. मुलांनी कागद स्कॅन करून ठेवले, ठिबकचा आणि खतांचा हिशोब त्यात, द्राक्षबागेच्या फवारणीच्या नोंदी त्यात, लग्नकार्याचे फोटोही त्यातच. गाठोड्याला जशी गाठ होती तशी या नव्या दप्तराला मात्र आपण अजून मारलेली नाही.

संगणक बिघडला की घाई होते ती दुरुस्तीची. नाशिकला, निफाडला, पिंपळगावला किंवा दिंडोरीला जिथे सोयीचे तिथे डबा नेऊन टाकायचा. दुकानदार विचारतो, “फॉरमॅट मारू का?” आपण म्हणतो, “मारा, पण लवकर द्या.” फॉरमॅट मारणे म्हणजे पाटी पुसणे. दुकानदाराने फसवले असे नव्हे, त्याने विचारले होते. पण पाटीवर काय लिहिलेले आहे हे त्याला ठाऊक नसते, ते ठाऊक असते आपल्याला. म्हणून दुरुस्तीपूर्वीची निम्मी कामे दुकानदाराची नसून आपली आहेत. ती कोणती, हे या लेखात क्रमाने सांगत आहोत.

बिघाड ओळखावा कसा?

पहिली गोष्ट ध्यानात घ्यावी ती ही की, संगणक बंद पडला म्हणजे फाइली गेल्या असे नाही. फाइली राहतात त्या डिस्कवर. पडदा, वीजपुरवठा करणारा भाग, रॅम, मदरबोर्ड हे सगळे बिघडले तरी डिस्क शाबूत असू शकते. मोटार जळाली म्हणून विहिरीतले पाणी आटत नाही, तसेच हे आहे. बिघाडाचे ढोबळ तीन प्रकार पडतात.

पहिला प्रकार, डबा सुरूच होत नाही. दिवा लागत नाही किंवा पंखा फिरतो पण पडद्यावर काही येत नाही. अशा वेळी डिस्क बहुधा चांगली असते. ती खोलून, एका छोट्या जोडवायरीने दुसऱ्या संगणकाला लावली की आतल्या फाइली उतरवून घेता येतात. काही नव्या लॅपटॉपमध्ये मात्र डिस्क मदरबोर्डलाच कायमची जोडलेली असते. तेथे ही युक्ती चालत नाही.

दुसरा प्रकार, विंडोज बिघडलेली असते. संगणक सुरू होतो, पण अर्ध्यावर अडकतो किंवा पुन्हा पुन्हा आपोआप बंद-चालू होतो. यातही फाइली जागेवर असतात. लिनक्स नावाची फुकट मिळणारी प्रणाली पेन ड्राइव्हवर घालून तिच्यावरून संगणक सुरू करता येतो, विंडोजला हात न लावता. मग फाइली बाहेरच्या डिस्कवर उतरवता येतात. गावातल्या संगणक शिकलेल्या मुलाला हे काम अवघड नाही.

तिसरा प्रकार खरा धोक्याचा, डिस्कच आजारी पडणे. जुन्या पद्धतीच्या हार्ड डिस्कमध्ये चकचकीत तबकड्या असतात. त्या मिनिटाला ५,४०० किंवा ७,२०० फेरे घेतात आणि वाचणारी सुई त्यांच्यावर हवेच्या अगदी पातळ थरावर तरंगत असते. ती सुई टेकली की तबकडीवर ओरखडा उठतो आणि तेवढा मजकूर कायमचा जातो. डिस्कमधून टिकटिक किंवा खरखर ऐकू येऊ लागली, एक फाइल उघडायला पाच-दहा मिनिटे लागू लागली, फोल्डर आपोआप गायब होऊ लागले, तर समजावे की हेच चालले आहे. अशा वेळी “एकदा परत चालू करून बघू” हा मोह आवरावा. दर खेपेला नुकसान वाढते. वायर काढावी, संगणक बंद ठेवावा आणि डिस्कमधून मजकूर काढून देण्याचे काम करणाऱ्या जाणकाराकडेच न्यावे.

नव्या संगणकांत एसएसडी नावाची डिस्क असते. तिच्यात फिरणारा भाग नाही, त्यामुळे ती आवाजही करीत नाही. चालते तोवर चालते आणि एके दिवशी न सांगता थांबते. आणखी एक फरक फार महत्त्वाचा आहे. जुन्या डिस्कवरची पुसलेली फाइल, तिच्या जागी दुसरे काही लिहिले गेले नसेल तर, पुष्कळदा परत मिळवता येते. एसएसडी मात्र पुसलेली जागा स्वतःहून रिकामी करून ठेवते. तिच्यावर फॉरमॅट मारला की मागे फिरायची वाट जवळजवळ बंदच.

आधी काय उतरवून घ्यावे?

सगळेच कागद सारख्या मोलाचे नसतात. काही पुन्हा मिळतात. डिजिटल सहीचा सातबारा राज्य शासनाच्या महाभूमी संकेतस्थळावर २०१८ पासून मिळतो. २०१५ साली सुरू झालेल्या डिजिलॉकरमधून कितीतरी दाखले पुन्हा काढता येतात. बँकेचा उताराही बँक पुन्हा देते. तेव्हा वेळ थोडा असेल तर यांच्यासाठी धावपळ करू नये.

जे कोठेच पुन्हा मिळणार नाही ते आधी काढावे. आपण स्वतः लिहिलेला दहा वर्षांचा हिशोब, कोणत्या गटात कोणत्या तारखेला लागण केली आणि एकरी किती टन निघाले याची नोंद, द्राक्षबागेच्या फवारणीची वही, आई-वडिलांचे फोटो, वाटणीच्या वेळी काढलेल्या कच्च्या नकाशाची प्रत.

वजन पावत्यांबद्दल येथे मुद्दाम सांगतो. ऊस नियंत्रण आदेश, १९६६ प्रमाणे ऊस पोचल्यापासून १४ दिवसांत त्याची किंमत द्यावयाची असते आणि उशीर झाल्यास सालीना १५ टक्के दराने व्याज द्यावयाचे असते. हा हक्क सांगायचा तर ऊस कोणत्या तारखेला पोचला याचा पुरावा सभासदाच्या हाती असावा लागतो. काही ठिकाणी पावती उष्णतेने छापणाऱ्या गुळगुळीत कागदावर मिळते. ती वर्ष-दोन वर्षांत फिकी पडून कोरी होते. म्हणून पुष्कळ सभासद पावतीचा फोटो काढून संगणकात ठेवतात. ही चांगली सवय आहे, पण मग तो फोटो हाच पुरावा उरतो. तो गेला तर आपला आकडा गेला आणि आपल्या तोंडी सांगण्याला वजन राहत नाही.

फाइली लपतात कोठे?

“डेस्कटॉपवरचे सगळे घेतले” म्हणून काम संपत नाही. डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, पिक्चर्स, डाउनलोड्स हे चार फोल्डर तर पाहावेतच, शिवाय डी आणि ई ड्राइव्हही उघडून पाहावेत. त्यापलीकडे चार जागा हमखास राहून जातात.

एक, टॅलीचा हिशोब. विकास सोसायटीचे सचिव, कृषी सेवा केंद्रवाले आणि ट्रॅक्टरचा धंदा करणारे सभासद यांनी हे विशेष पाहावे. टॅलीचा मजकूर त्याच्या स्वतःच्या डेटा फोल्डरमध्ये असतो. टॅलीतच बॅकअपची सोय आहे, ती वापरून प्रत काढावी.

दोन, मराठी टंक. हे दुखणे खास आपले आहे. युनिकोड रूढ होण्यापूर्वी पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकची श्रीलिपी किंवा सी-डॅकचे आयएसएम वापरून केलेली टायपिंग त्या त्या टंकावर अवलंबून असते. फॉरमॅटनंतर फाइल परत आली, पण टंक आला नाही, तर मंडळाच्या सभेचा ठराव उघडल्यावर नुसती इंग्रजी अक्षरांची आणि खुणांची खिचडी दिसते. फाइल गेलेली नसते, वाचता मात्र येत नाही. म्हणून विंडोजच्या फॉन्ट्स फोल्डरमधले मराठी टंकही उतरवून घ्यावेत आणि सवडीने जुना मजकूर युनिकोडमध्ये बदलून घ्यावा.

तीन, ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड आणि खुणा. ते कागदावर किंवा आपल्या खात्यात आधी नोंदवून घ्यावेत.

चार, बिटलॉकरची किल्ली. विंडोज ११ असलेल्या अनेक लॅपटॉपवर डिस्क आपोआप कुलूपबंद झालेली असते, हे मालकाला माहीतही नसते. मदरबोर्ड बदलला की संगणक ४८ आकड्यांची किल्ली मागतो. ही किल्ली बहुधा आपल्या मायक्रोसॉफ्ट खात्यात जमा असते. दुरुस्तीला देण्यापूर्वी ती काढून वहीत लिहून ठेवावी. ती नसेल तर डिस्क ठणठणीत असूनही मालकच दाराबाहेर उभा राहतो.

प्रत काढावी आणि तपासावी

प्रत काढण्यासाठी बाहेरची हार्ड डिस्क उत्तम. एक टेराबाइटच्या डिस्कवर पाच एमबीचे साधारण दोन लाख फोटो मावतात, म्हणजे एका कुटुंबाला ती उदंड झाली. पेन ड्राइव्ह तात्पुरत्या कामाला ठीक, वर्षानुवर्षांच्या ठेवीला नाही. पुष्कळ पेन ड्राइव्ह फॅट३२ पद्धतीने आखलेले असतात आणि त्यांवर चार जीबीहून मोठी एक फाइल चढतच नाही. लग्नाचा व्हिडिओ चढला नाही म्हणून घाबरू नये. पेन ड्राइव्ह रिकामा असेल तर तो एक्सफॅट पद्धतीने आखून घ्यावा.

‘कट’ करून ‘पेस्ट’ करू नये, ‘कॉपी’च करावे. कट करताना मध्येच वीज गेली तर फाइल धड इकडे नाही, धड तिकडे नाही अशी अवस्था होऊ शकते. आणि आपल्याकडे वीज केव्हा जाते हे सांगायला नको.

प्रत झाली की मूळ फोल्डर आणि प्रतीचा फोल्डर यांवर उजवी कळ दाबून ‘प्रॉपर्टीज’ पाहावे. दोन्हींकडे फाइलींची संख्या आणि आकार जुळतात का ते पाहावे. मग दहा-बारा फाइली प्रतीवरून उघडून बघाव्यात, शक्य तर दुसऱ्या संगणकावर. न तपासलेली प्रत म्हणजे न मोजता घेतलेली पोती, घरी आल्यावर कमी भरली तर भांडायचे कोणाशी?

परक्या हाती जाणारे खासगी कागद

येथवर फाइली जाऊ नयेत याचा विचार झाला. त्या परक्याने पाहू नयेत हाही विचार तितकाच गरजेचा आहे. कॅनडातल्या ग्वेल्फ विद्यापीठाच्या संशोधकांनी १६ दुरुस्तीच्या दुकानांत लॅपटॉप मुद्दाम दुरुस्तीला दिले आणि आत काय काय उघडले जाते याची नोंद होईल अशी व्यवस्था ठेवली. २०२२ साली त्यांनी निष्कर्ष मांडले. १२ लॅपटॉपवरील नोंदी हाती लागल्या, त्यांपैकी सहा ठिकाणी कारागिरांनी खासगी फाइली उघडून पाहिल्या होत्या आणि दोन ठिकाणी त्यांच्या प्रतीही काढून घेतल्या होत्या. सगळेच कारागीर असे असतात असे आमचे मुळीच म्हणणे नाही. बहुतेक दुकानदार गिऱ्हाइकावरच जगतात आणि सचोटीने काम करतात. पण तिजोरी सुताराकडे दुरुस्तीला देताना आपण दागिने काढून घेतो, त्यात सुतारावर अविश्वास नसतो.

म्हणून बिघाड डिस्कचा नसेल आणि डिस्क सहज निघत असेल तर ती काढून घरी ठेवावी, बाकी डबा द्यावा. पडदा किंवा कळफलक बदलायला डिस्क लागत नाही. डिस्क द्यावीच लागली तर बँकेची कागदपत्रे, आधारच्या प्रती, घरातल्या बायका-मुलींचे फोटो हे प्रत काढून तपासल्यावर संगणकावरून काढून टाकावेत. ईमेल आणि व्हॉट्सॲपमधून बाहेर पडावे. आपला पासवर्ड सांगण्याऐवजी कारागिरासाठी वेगळे खाते उघडून द्यावे, पण ते प्रशासकाचे नसावे. पासवर्ड सांगावाच लागला तर संगणक घरी आल्यावर पहिल्या दिवशी बदलावा. सोसायटीच्या सचिवांनी डिजिटल सहीचा टोकन संगणकाला लावून कदापि देऊ नये. ती सही म्हणजे कोऱ्या कागदावरचा अंगठाच. आधारची प्रत ठेवायचीच तर शेवटचे चार आकडे दिसतात ती झाकलेली प्रत ठेवावी. ती आधारच्या संकेतस्थळावर मिळते.

मालकाच्या परवानगीवाचून संगणकातील मजकुराची प्रत काढणे हा माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० प्रमाणे दोष आहे आणि ते लबाडीने केल्यास तीन वर्षांपर्यंत कैदेची तरतूद आहे. पैशाची ऑनलाइन फसवणूक झाल्याचे कळताच १९३० या क्रमांकावर ताबडतोब कळवावे.

दुकानात काय लिहून घ्यावे?

पावतीवर चार गोष्टी लिहून घ्याव्यात. संगणकाचा आणि डिस्कचा अनुक्रमांक, बिघाडाचे आपण सांगितलेले वर्णन, “मालकाला विचारल्याशिवाय फॉरमॅट करू नये” हे वाक्य, आणि डिस्क बदलल्यास जुनी डिस्क परत द्यावी ही अट. वॉरंटीत मात्र जुनी डिस्क साधारणपणे कंपनी ठेवून घेते. वॉरंटी डिस्कची असते, आतल्या मजकुराची नसते, हे आधी समजून घ्यावे. पुढे वाद झालाच तर ग्राहक आयोगापुढे हीच पावती उपयोगी पडते.

जुनी डिस्क भंगारात देऊ नये. तिच्यावरचा मजकूर पूर्ण पुसून घ्यावा किंवा ती निकामी करून मगच टाकावी.

बेणे राखावे तशी प्रत राखावी

बिघाड झाल्यावर धावण्यापेक्षा प्रत आधीच तयार असणे बरे. आपण सगळाच ऊस गाळपाला घालीत नाही, बेण्यासाठी प्लॉट राखतो. फाइलींचेही तसेच आहे. जाणकार ‘तीन-दोन-एक’ असा नियम सांगतात: मजकुराच्या एकंदर तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि त्यांतली एक घराबाहेर.

घराबाहेर कशासाठी, हे गोदाकाठी राहणाऱ्यांना सांगावे लागत नाही. २ ऑगस्ट २०१६ च्या पुरात नाशिकचा दुतोंड्या मारुती पाण्याखाली गेला, सराफ बाजारात आणि भांडी बाजारात पाणी शिरले, आणि खाली निफाड तालुक्यात चांदोरी, सायखेड्याला घरेदारे बुडाली. संगणक आणि त्याची प्रत एकाच कपाटात असतील तर पाणी दोघांनाही सारखेच भिजवते. एक डिस्क मळ्यात असेल तर दुसरी गावातल्या घरी किंवा लेकीकडे ठेवावी.

बेण्याची आणखी एक गोष्ट येथे लागू पडते. काणी लागलेल्या उसाचे बेणे वापरले तर रोग नव्या लागणीत येतो. संगणकाचा व्हायरसही तसाच प्रतीत उतरतो. कायम जोडून ठेवलेली डिस्क त्याच्या तावडीत आयती सापडते. म्हणून काम झाले की डिस्क काढून ठेवावी आणि जुनी प्रत लगेच पुसू नये.

२७ जून २०१७ रोजी असा एक व्हायरस जगभर पसरला. आपल्याकडचा कांदा आणि द्राक्षे ज्या न्हावा-शेवा बंदरातून परदेशी जातात, तेथील मर्स्क समूहाच्या टर्मिनलचे कामही त्याने ठप्प झाले. त्या डॅनिश कंपनीला पुढच्या दहा दिवसांत सुमारे ४५,००० संगणक आणि ४,००० सर्व्हर नव्याने उभे करावे लागले. तिच्या संपूर्ण जाळ्याची किल्ली असलेल्या यंत्रांच्या प्रती एकमेकींना सतत जोडलेल्या होत्या, म्हणून त्या एकदमच पुसल्या गेल्या. आफ्रिकेतल्या घाना देशातील कार्यालयात त्या वेळी वीज गेलेली होती, तेथील एक यंत्र जोडणीबाहेर होते. तेवढेच वाचले आणि त्यावरून सगळे पुन्हा उभे राहिले. एवढ्या मोठ्या कंपनीला वीज गेल्याने वाचवले. आपण विजेवर भरवसा न ठेवता डिस्क स्वतःच काढून ठेवावी.

गूगलवर १५ जीबी आणि वनड्राइव्हवर ५ जीबी जागा फुकट मिळते, निवडक कागदांसाठी ती वापरावी. पण संगणकाशी जुळवून ठेवलेल्या फोल्डरमधून इकडे फाइल पुसली की ती तिकडेही पुसली जाते, आणि गूगलची कचरापेटी ३० दिवसांनी रिकामी होते. म्हणून ती एकमेव प्रत मानू नये. विंडोज १० ची नियमित सेवा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपली आहे. त्यामुळे नवी विंडोज घालून घेणाऱ्या सभासदांनीही वरील सर्व गोष्टी आधी कराव्यात.

प्रत काढायला वर्षातले ठराविक दिवस बांधून घ्यावेत. लक्ष्मीपूजनाला आपण वह्यांची पूजा करतो, त्या दिवशी एक प्रत काढावी. दुसरी गुढीपाडव्याला आणि तिसरी हंगामाचे अखेरचे ऊसबिल जमा झाल्यावर. आणि डिस्क कोठे आहे, पासवर्डाची वही कोठे आहे, हे घरातल्या आणखी एका माणसाला ठाऊक असू द्यावे, शक्यतो घरच्या लक्ष्मीला.

खालील यादी कापून संगणकाजवळ चिकटवावी.

१. टिकटिक आवाज आल्यास संगणक ताबडतोब बंद करावा.
२. पुन्हा न मिळणाऱ्या फाइली आधी उतरवाव्यात.
३. टॅली, मराठी टंक, पासवर्ड, बिटलॉकरची किल्ली विसरू नये.
४. प्रत दुसऱ्या संगणकावर उघडून पाहावी, मग डिस्क काढून ठेवावी.
५. खासगी कागद आणि सहीचा टोकन घरी ठेवावा.
६. पावतीवर “विचारल्याशिवाय फॉरमॅट करू नये” असे लिहून घ्यावे.
७. संगणक परत आल्यावर फाइली तपासाव्यात, पासवर्ड बदलावेत, मगच पूर्ण पैसे द्यावेत.